भिंतीकडं तोंड केलेला टीव्ही

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे विड्यांची तोंडं दाबणं. संध्याकाळची वेळ होती. बायको रोजच्या जागी, टीव्हीच्या अगदी पुढ्यात खाली, मान वर करून बसलेली. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि टेंभुर्णीची कापलेली पानं. पान उचलायचं, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायचं, दोरा मारायचा. डोळे मालिकेवर आणि बोटं आपली चाललेली. वळून झालेल्या विड्या मी पुढ्यात घेऊन त्यांची तोंडं आत दाबत होतो. गडीमाणसानं हे काम करू नये असं आमच्या गल्लीत मानतात, म्हणून मी दार ओढून घ्यायचो.

"नीट दाबा की," ती म्हणाली. "परवा कारखान्यात वीस काढून टाकल्या. म्हणं तोंडं उघडी हायत. मला बोलून घ्यावं लागतंय तुमच्यापायी."

"माग दुरुस्त करणारे हात हायत हे. विड्या दाबायला न्हाय दिले देवानं."

"मग टीव्ही दुरुस्त करा त्या हातांनी. कवाधरनं सांगतीया."

टीव्हीचं दुखणं जुनं होतं. बटण दाबलं की आतून टक असा आवाज यायचा, लाल दिवा हिरवा व्हायचा आणि परत टक करून बंद. पुन्हा दाबायचं. चौथ्या-पाचव्या वेळेला कधीतरी चित्र लागायचं, आणि एकदा लागलं की मग तक्रार नसायची. ती मोजायची. "आज सातव्याला लागला बगा," ती म्हणाली.

"उद्या बघतो," मी म्हणालो. आठ महिने मी हेच म्हणत होतो.

मालिका संपली. तिनं उरलेली पानं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली, म्हणजे सकाळी मऊ राहतात. आम्ही जेवलो, झोपलो. सकाळी ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, त्रास झाला नसेल. त्यांना कसं माहीत ते मी विचारलं नाही.

पुढचे तेरा दिवस माणसं येत होती, जात होती. ओल्या फडक्यातल्या पानांना बुरशी धरली. शेवटी शेजारची अक्का आली आणि ती उचलून घेऊन गेली. अक्का तेलुगू बोलणारी, विणकराच्या घरातली. तीही विड्या वळते. दोघी तीस वर्षं एकाच टीव्हीपुढं सूप घेऊन बसल्या. आधी जुना डबा होता, मग हा.

तेरावं झालं, पाहुणे गेले, मुलगा पुण्याला नोकरीवर गेला. त्या संध्याकाळी मी एकटा बसलो आणि बटण दाबलं. टक. टक. मी चाळीसपर्यंत मोजलं. चित्र काही लागलं नाही. पाहुणे असते तर म्हणाले असते, बघा, तिच्यामागं टीव्हीनंही मान टाकली. मला असलं बोलणं आवडत नाही. मशीन दुःखानं बंद पडत नसतं, कारणानं बंद पडतं. मी चौथीपर्यंत शिकलो, पण एवढं मला कळतं. चाळीस वर्षं मी पॉवरलूमच्या कारखान्यांत जॉबर होतो. जॉबर म्हणजे बिघडलेला माग चालू करून देणारा माणूस.

मुलाचा फोन आला तेव्हा मी सहज टीव्हीचं बोलून गेलो आणि फसलो.

"आप्पा, मीच पाठवतो नवा," तो म्हणाला. "रविवारी सकाळी गाडी येईल. जुना तेच घेऊन जातील, बदल्यात."

"जुना न्यायचा न्हाय."

"अहो, प्लाझ्मा आहे तो. बारा-तेरा वर्षं झाली. त्याच्या काचेवर कोपऱ्यात आईच्या चॅनेलचा शिक्का उमटलाय कायमचा. कोण ठेवतं असला टीव्ही?"

"मी दुरुस्त करणार हाय."

तो म्हणाला, "आठ महिने आई सांगत होती तेव्हा..." आणि तिथंच थांबला. पोरगं माझंच आहे. माझ्यासारखंच बोलतं. राग आला नाही मला. खरं होतं ते.

"रविवारी ती माणसं दारात येतील तवा चालू असंल तर परत पाठवीन," मी म्हणालो. "नसंल तर त्यांनी न्यावा. मी आडवा येणार न्हाय."

"शब्द?"

"शब्द."

हा टीव्ही तिनं निवडलेला. दुकानदार दुसरा एक पातळ, हलका टीव्ही दाखवत होता. ती दोन्हींपुढं उभी राहिली, बराच वेळ बघितलं आणि ह्याच्यावर बोट ठेवलं. दुकानदारानं विचारलं, का? तर म्हणाली, "ह्याच्यात बायकांचे केस काळे दिसत्यात. त्याच्यात राखाडी." नवा आला असता तर तो चांगलाच चालला असता, पण तो माझ्या एकट्याचा टीव्ही झाला असता. आणि मी उद्या म्हणालो होतो ते तसंच राहिलं असतं. म्हणून दुरुस्त करायचा होता. दुसरं काही कारण नव्हतं.

बुधवारी मी बाजारातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याला घरी आणलं. पन्नाशीचा माणूस, उर्दू बोलणारा, हातात स्क्रू ड्रायव्हरसुद्धा न घेता आला. बटण दाबलं, दोन टक ऐकले आणि हात झटकले.

"मामा, प्लाझ्मा का जमाना गया. पार्ट नै मिलते. कबाड में डालो."

"ते मी ठरवीन. टक म्हंजे काय ते सांगा."

"टक मतलब अंदर पॉवर चालू होती, कहीं तो बी लोड आता, सेफ्टी के वास्ते बंद कर लेता."

"म्हंजे मेला न्हाय. सोताहून थांबतोय."

"हौ. ऐसाच समझो."

मला एवढंच पाहिजे होतं. मागाचं असंच असतं. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातला धागा तुटला की एक छोटा काटा ते ओळखतो आणि अख्खा माग खटकन थांबवतो. नवशिका माणूस म्हणतो माग बिघडला. माग बिघडलेला नसतो, तो शहाणा असतो. तुटलेला धागा शोधायचा असतो. जाता जाता दुरुस्तीवाल्यानं एक गोष्ट सांगितली तेवढी बरी केली: "खोलना है तो आडा नक्को डालो, कांच फूटेगा. खडाच रखो."

गुरुवारी सकाळी अक्का आणि तिचा नवरा मदतीला आले. टीव्ही केवढा जड. तिघांनी उचलून टेबलावर ठेवला, तोंड भिंतीकडं, पाठ माझ्याकडं, खाली दुमडलेल्या चादरी. मग मी स्क्रू काढायला बसलो. सव्वीस स्क्रू. वरचे एका ताटलीत, खालचे दुसरीत, लांबडे तिसरीत. जॉबरची ही सवय जात नाही. मागचं पत्र्याचं झाकण ओढलं आणि पहिला वास आला.

तंबाखूचा. तिचा पदर, तिचे केस, तिची उशी, सगळ्याला जो वास असायचा तो. आत सगळ्या बोर्डांवर, वायरींवर, खालच्या जाळीत तपकिरी भुगा बसला होता. काही ठिकाणी बोटभर जाड. ती खाली बसून विड्या वळायची आणि हा वरून, त्याच्या खालच्या भोकांतून, हवेबरोबर तंबाखूचा भुगा आत ओढत राहिला होता. बारा-तेरा वर्षं.

अक्का पदरानं तोंड झाकून बघत होती.

मग मी चूक केली. वायर भिंतीतून काढलेली होती, आणि आमच्या धंद्यात पट्टा काढला की माग मेला, बिनधास्त हात घालायचा. तसा मी हात घातला. एक जाडजूड डबीसारखा भाग होता, त्याच्या पायांना बोट लागलं आणि खांद्यापर्यंत हात फेकला गेला. मी मागं जाऊन कॉटवर आदळलो.

"पिच्ची पट्टिंदा अन्ना? येड लागलंय का तुमाला?" अक्का ओरडली. "एकामागं एक जायचं ठरलंय काय तुमचं? मग मी कोणासंगं बोलू?"

"वायर काढली हुती की!"

"मग ते काय चावलं?"

मी दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो आधी हसला, मग शिव्या दिल्या. टीव्ही बंद केला तरी त्या डबीत करंट साठून राहतो म्हणे. शंभरचा पिवळा बल्ब घ्या, दोन वायरी लावा, डबीच्या दोन पायांना टेकवा, बल्ब विझला की मग हात लावा. तसा बल्ब अक्काच्या देवघरात होता. तिनं काढून दिला, पण देवाची माफी मागून. मी वायरी टेकवल्या. बल्ब भक्कन पेटला आणि हळूहळू विझला. त्यानंतर दर वेळी मी असंच केलं. हात दोन दिवस मुंग्या आल्यासारखा होता, पण त्यानं काम अडलं नाही.

शुक्रवारी तुटलेला धागा शोधायचा होता. माग जड चालत असला तर आम्ही पट्टा काढतो आणि एकेक भाग मोकळा करून हातानं फिरवून बघतो. ज्याला मोकळं केल्यावर माग हलका होतो, दोष त्याच्यात. टीव्हीला मुख्य बोर्ड चार होते. मधल्या एकातून बाकीच्यांना वीज जात होती. मी उजव्या बोर्डाची वायर सोडली, बटण दाबलं. टक, टक, बंद. बल्ब लावला, वायर परत जोडली. खालच्या छोट्याची सोडली. टक, टक, बंद. परत बल्ब, परत वायर. मग डाव्या मोठ्या बोर्डाची सोडली.

टक. आणि थांबला तो थांबलाच. बंद झाला नाही. चित्र नव्हतं, पण आवाज आला. कुठल्यातरी बातम्यांवर बाई भांडत होती. मला एवढा आनंद झाला की मी तिला म्हणालो, "भांड, भांड बाई."

दोष डाव्या बोर्डात होता. बायकोचा चष्मा मी अजून कोणाला दिलेला नव्हता, तो माझ्या चष्म्यावर चढवला आणि टॉर्च धरून बघितलं. बोर्डाच्या खालच्या बाजूला भुग्याचा थर सगळ्यात जाड होता. पावसाळ्यात ओल धरून धरून त्याची डांबरासारखी काळी खपली झाली होती आणि ती खपली दोन पायांच्या मध्ये आडवी बसली होती. करंट तिच्यातून चोरून जात होता. तिथला बोर्ड जळून काळा झालेला.

म्हणजे हे असं होतं. तिच्याच तंबाखूनं तिचा टीव्ही बिघडवला होता. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी झाकण उघडलं असतं तर नुसता ब्रश फिरवून काम झालं असतं. अर्धा तास. शेवटचे आठ महिने ती उठून उठून बटण दाबत होती ते माझ्या अर्ध्या तासापायी.

रंगाचा मऊ ब्रश हातात घेऊन मी स्टुलावर बसलो आणि तसाच बसून राहिलो. तिच्या साड्या तेराव्याला वाटल्या होत्या. तिची कात्री, पानं कापायचा पत्रा अक्कानं नेला होता. मीच म्हणालो होतो, वापर. हातून काही सुटताना मला जड गेलं नाही. आणि आता भुग्याला ब्रश लावायला हात उठेना. तिच्या बोटांमधून उडालेला होता तो. टीव्ही पाहिजे तर भुगा जाणार, भुगा पाहिजे तर टीव्ही रविवारी जाणार, आणि त्याच्याबरोबर भुगाही जाणार. हिशेब सोपा होता. तरी तासभर लागला मला.

अक्का चहा घेऊन आली. बघून म्हणाली, "मी झाडू का, अन्ना?"

"नको. माझं काम हाय."

मग झाडला. वरून खाली, सावकाश, सुपात धरून. तिच्याच सुपात, घरात दुसरं काही नव्हतं. वाटीभर निघाला. अक्का म्हणाली, तुळशीत टाका. मी म्हणालो, तंबाखूनं तुळस मरंल. दाराबाहेर जाऊन कचऱ्याच्या बादलीत ओतला, सूप झटकलं आणि परत येऊन कामाला लागलो. नाक शिंकरून घेतलं. तंबाखूनं डोळ्यांतनं पाणी येतंच.

शनिवारी सकाळी डावा बोर्ड काढून, टॉवेलात गुंडाळून दुरुस्तीवाल्याच्या दुकानात गेलो. काळी खपली मी ब्लेडनं खरवडली होती, पण बोर्डाच्या कोपऱ्याकोपऱ्यात बारीक भुगा राहिला होता. त्यानं बोर्ड उलटा करून टेबलावर आपटला.

"क्या मामा, इसमें तो पूरा विडी का कारखाना है!"

"व्हय. माझ्या बायकोचा."

तो हसत होता तो थांबला. माझ्या डोक्याकडं बघितलं. दहाव्याला केस काढलेले, नुकते उगवत होते. मग त्यानं समोरचा मोबाईल बाजूला सारला, बोर्ड जवळ ओढला आणि दीड तास मान वर केली नाही. जे पार्ट मिळत नाहीत असं तो म्हणाला होता ते त्याच्याच माळ्यावरच्या एका मेलेल्या बोर्डावर निघाले. दोन काळे तुकडे आणि एक फ्यूज. जळलेल्या जागेवरून त्यानं वायर टाकली.

"गॅरंटी नै देता मैं," तो म्हणाला.

"मागितली कुणी?"

संध्याकाळी बोर्ड बसवला. पट्ट्या, वायरी, सगळं मागच्या खुणांप्रमाणं. टीव्हीचं तोंड भिंतीकडं, मग चित्र दिसणार कसं? अक्कानं तिच्या घरातला आरसा आणला आणि भिंत आणि टीव्हीच्या मध्ये तिरका धरला. मी बटण दाबलं.

टक. आणि आरशात उजेड आला.

बातम्या लागल्या होत्या, सगळं उलटं. खालून अक्षरं उलटी पळत होती. मला सरळ अक्षरं वाचायला वेळ लागतो, उलटी काय वाचणार. पण बातम्या देणाऱ्या बाईचे केस दिसले. काळे कुळकुळीत. मी तेवढंच बघत होतो. अक्का आरसा या हातातून त्या हातात घेत होती आणि त्यामुळं ती बाई आरशात वरखाली होत होती.

तासभर चालवला. मग मी बंद करायला हात पुढं केला.

"अयो, बंद नक्का करू!" अक्का म्हणाली. "सकाळपर्यंत तसाच चालू ठेवा. ती लोकं आल्यावर दाखवा, झालं की तुमचं काम."

"तसं न्हाय चालत, अक्का."

"का न्हाय चालत? कोण बघतंय?"

"गरम माग खोटं बोलतोय. ह्याचं दुखणं चालू व्हायचंच हुतं. गार झाल्यावर एका टकमधे लागला तर दुरुस्त झाला. न्हाय तर म्या काय केलं? पोराला फसवलं."

"आणि सकाळी न्हाय लागला तर?"

"तर नेतील."

तिनं आरसा भिंतीला टेकवून ठेवला आणि स्वतःशी तेलुगूत काहीतरी बोलत घरी गेली. मी बटण दाबलं, भिंतीतली वायर काढली, बल्बही टेकवला. एक थेंब करंट आत ठेवला नाही. मग जेवलो आणि झोपलो. झोप लागली, हे सांगितलं पाहिजे. ती गेल्यापासून पहिल्यांदा नीट लागली.

रविवारी सकाळी उठलो, अंघोळ केली, देवाला दिवा लावला. टीव्हीला पाठीवर हात लावून बघितलं. पत्रा गार, बोर्ड गार. वायर भिंतीत घातली. अक्का दारात येऊन उभी होती, आत येत नव्हती. मी बटण दाबलं.

टक.

दुसऱ्या टकची वाट बघितली. एक, दोन, तीन, मी मोजत होतो. दहापर्यंत गेलो. आला नाही. आरशात भजनं चालू झाली, उलटा पखवाज, उलटे टाळ. अक्कानं दारातूनच हात जोडले. कोणाला ते मी विचारलं नाही.

नऊच्या पुढं गाडी आली. दोघंजण मोठं खोकं घेऊन जिना चढून आले. एकानं आत डोकावून बघितलं.

"काका, जुना कुठला? हा? हा तर चालू हाय."

"चालूच हाय. म्हणून नवा नको. पोराला फोन लावा, त्याला दाखवा."

त्यांनी मोबाईलवर मुलाला दाखवलं. आरसा, उघडी पाठ, ताटल्यांत ठेवलेले स्क्रू, सगळं. तो म्हणाला, "आप्पा, आईला बघायला मिळायला हवं होतं."

"व्हय," मी म्हणालो. "उशीर केला म्या. फोन ठेव आता."

ती दोघं खोकं उचलायला वाकली. मी म्हणालो, "थांबा. खोकं दाराशी राहू द्या जरा. एवढं जिने चढून आलाय तर हात लावा." टीव्ही बंद केला, पुन्हा बल्ब टेकवून झाकण बसवलं, सव्वीसच्या सव्वीस स्क्रू आवळले. तोवर ते दोघं बसून होते, घाई करत नव्हते. मग तिघांनी टीव्ही उचलला, फिरवला आणि त्याच्या जागेवर, तोंड घरात करून ठेवला. मी त्यांना चहा केला. मला चहा कधीच करता आला नाही, साखर लई पडली. प्यायले बिचारे, आणि खोकं घेऊन गेले.